डावीकडे वळताना सायकलवाला दिसलाच नाही, यात जबाबदारी नेमकी कोणाची धरायची?

स्टिअरिंग

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, एकच गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी रोज कार चालवतो, पंधरा वर्षं झाली, आजवर एकही अपघात नाही. मंगळवारी संध्याकाळी, उजेड थोडा उतरलेला, मला डावीकडे वळायचं होतं. वळणाच्या जरा आधी एका सायकलवाल्याला मागे टाकलं, इंडिकेटर दिला, वेग कमी केला, एक आजोबा रस्ता ओलांडत होते म्हणून दोनेक सेकंद थांबलो, ते गेले, आरशात नजर टाकली आणि गाडी वळवली. तेवढ्यात डाव्या काचेवर हाताचा थाडकन आवाज. ब्रेक दाबला. बघतो तर तोच सायकलवाला माझ्या मागच्या दाराला अगदी चिकटून उभा, एक पाय जमिनीवर, हँडल वाकडं झालेलं, तळहात अजून काचेवर तसाच टेकलेला. पडला नाही, लागलं नाही, एवढं नशीब. विशीतला मुलगा असेल. शिवी दिली नाही, ओरडला पण नाही. "मी दिसलो नाही का हो तुम्हाला?" एवढंच विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण खरंच दिसला नव्हता. काचेवर त्याच्या पाची बोटांचे ठसे उमटले होते. ते पुसायला मला दोन दिवस लागले.

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ भडकलाच, तो सायकलने कामाला जातो. म्हणाला दादा, चूक शंभर टक्के तुझी. मी म्हटलं इंडिकेटर चालू होता, वळणाऱ्या गाडीच्या डाव्या बाजूने घुसायचं कशाला? बायको म्हणाली दोघांची निम्मी निम्मी धरा आणि जेवायला बसा. पण मला ते निम्मं निम्मं पटत नाहीये आणि भावाचं शंभर टक्केही पटत नाहीये.

तर प्रश्न असा की गाडी चालवणाऱ्याने नेमकं काय काय सांभाळायचं आणि सायकलवाल्याकडून काय अपेक्षा ठेवायची? "दोघांनी काळजी घ्यावी" हे मलाही माहीत आहे, ते सोडून सांगा. आणि मी आरशात बघितलं होतं हे खरं आहे, मग तो दिसला का नाही?

पायडल

दादा, आधी एक सांगतो, तुम्ही हे इथे येऊन लिहिलंत त्याचंच मला बरं वाटलं. बारा वर्षं सायकल चालवतोय, काच तीनदा थापटलीय अशीच, समोरच्याने काच खाली करून मलाच झापलंय प्रत्येक वेळी.

आता तुमच्या प्रसंगाबद्दल. तुम्ही लिहिलंय की वळणाच्या आधी त्याला मागे टाकलं. म्हणजे तो तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं! इथेच सगळी गोम आहे. गाडी पुढे निघाली की सायकलवाला मनातून पुसला जातो, जणू तो तिथेच थांबलाय. पण तो थांबलेला नसतो ना. साधा चालवणारा ताशी 20 किमीने चालवतो, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. वळणाच्या 50 मीटर आधी तुम्ही त्याला मागे टाकलं असेल तर तो 9 सेकंदात त्याच वळणावर हजर. तुम्ही वेग कमी केला, आजोबांसाठी थांबलात, झाले की 9 सेकंद. तो घुसला नाही हो, तो त्याच्या रस्त्याने सरळ येत होता आणि तुम्ही त्याच्यासमोर आडवे गेलात. वळण जवळ असेल तर ओव्हरटेक करूच नका, त्याच्या मागे थांबा, त्याला पुढे जाऊ द्या आणि मग वळा. पाच सेकंद जातात, जास्त नाही.

पण माझं म्हणणं त्या मुलालाही आहे. गाडीचा वेग कमी होतोय, डावा इंडिकेटर लागलाय आणि पुढे वळण आहे, हे दिसत असताना त्या गाडीच्या डाव्या अंगाला जायचं नाही. नियम काय म्हणतो ते बाजूला ठेवा, जायचंच नाही. मागे थांबायचं. मी नवीन पोरांना सायकलवर घेऊन निघतो तेव्हा ही पहिली गोष्ट सांगतो, कारण बरोबर असूनही हाडं मोडतात.

आणि गाडीवाल्यांना एक गोष्ट कधीच कळत नाही म्हणून सांगतो, आम्ही कडेला चिकटून का चालवत नाही. कडेला वाळू असते, खडी असते, झाकणं असतात, जाळ्या असतात, पाऊस पडून गेला की त्या जाळीवरून चाक असं सटकतं की विचारू नका. आणि लावलेल्या गाड्या! दार उघडलं की मीटरभर रस्ता खाऊन टाकतं. म्हणून मी दारापासून मीटरभर तरी लांब राहतो, आणि मग मागचा हॉर्न मारतो की हा मध्ये मध्ये का चालवतोय. दादा, मी रुबाब म्हणून मध्ये नसतो, मला घाबरायला होतं म्हणून मध्ये असतो.

जाताना दीड मीटर तरी अंतर सोडा एवढंच मागणं आहे. जर्मनीत 2020 पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर 2 मीटर असं कायद्यातच लिहून टाकलंय, फ्रान्समध्ये वस्तीत 1 मीटर आणि बाहेर दीड. हे आकडे उगाच आलेले नाहीत. सायकल दोन चाकांवर तोल सावरत सावरतच पुढे जाते, सरळ रेघेत कधीच जात नाही, खड्डा आला की हातभर तरी बाजूला होते.

बारा चाकी

वीस वर्षं ट्रक चालवतोय. लिहायची सवय नाही, चूकभूल द्या घ्या.

स्टिअरिंगभाऊ, तुम्हाला कारमधून दिसला नाही म्हणताय, मग आमच्या केबिनमधून काय दिसत असेल विचार करा. केबिन उंच, काचेची खालची कड माझ्या छातीला. बोनेटच्या अगदी पुढ्यात कोणी सायकल घेऊन उभा राहिला तर डोकं पण दिसत नाही मला. क्लीनर साइडला दाराच्या खाली जो उभा तो पण नाही. ट्रेलर वळला की आरशात नुसती ट्रेलरची भिंत दिसते, मागचं काही नाही. सिग्नलला थांबल्यावर सायकलवाले डावीकडच्या फटीतून पुढे येतात आणि बरोब्बर तिथेच येऊन थांबतात जिथे मला दिसत नाही. त्यांना वाटतं एवढा मोठा आरसा आहे, ड्रायव्हर बघतच असेल. साधी खूण लक्षात ठेवा, तुम्हाला माझ्या आरशात माझा चेहरा दिसत नसेल तर मला तुम्ही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, लांब गाडी डावीकडे वळवायची तर आधी थोडी उजवीकडे काढावी लागते, त्याशिवाय टर्न बसत नाही. मागून येणाऱ्याला वाटतं हा उजवीकडे चालला, डावीकडे जागा झाली, आणि तो त्या जागेत शिरतो. आणि मग मागची चाकं आतून कापत येतात. पुढचं चाक जिथून गेलं तिथून मागचं जात नाही, ते फुटाफुटाने आत सरकत येतं, कठड्याला घासेल इतकं. त्या जागेत जो असेल त्याला पळायला वाव नसतो. मी हे होताना एकदा बघितलंय, दुसऱ्याच्या गाडीखाली. त्यावर जास्त लिहिणार नाही.

पण म्हणून मी सगळं त्यांच्यावर ढकलत नाही. गाडी माझी आहे, वजन माझं आहे. मी वळायच्या आधी आरसा एकदा बघत नाही, तीनदा बघतो, मधे मधे सेकंद जाऊ देतो, आणि सीटवरून पुढे वाकून बघतो. सिग्नल सुटल्यावर पहिले पाच फूट मुंगीच्या चालीने. मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

आणि कारवाल्यांनो, तुमच्या आरशातही हेच होतं, फक्त जागा छोटी असते. आणि समोरच्या काचेचा तो बाजूचा खांब आहे ना, त्याच्यामागे अख्खी सायकल लपते. दोघं एकाच चौकाकडे येत असाल तर तो खांबाच्या मागेच सरकत राहतो, तुम्हाला शेवटपर्यंत रस्ता मोकळाच वाटतो. मान पुढेमागे हलवा, चौकाशी आल्यावर तरी.

रोखठोक

सगळं ऐकतोय पण एक बाजू राहतेय, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मागच्या वर्षी रात्री घरी येताना एक सायकलवाला उलट्या बाजूने आला. दिवा नाही, मागे लाल नाही, कपडे काळे, कानात इयरफोन. मी जोरात ब्रेक मारला, तो वाचला. माझ्या मागे मोटरसायकलवर एक काका होते, ते माझ्या डिकीवर आदळले, मनगट मोडलं, दोन महिने हात गळ्यात. सायकलवाला वळूनसुद्धा न बघता निघून गेला. भरपाई कोणी दिली? माझ्या विम्याने. मला सांगा, त्या काकांसमोर "मोठ्या गाडीची जबाबदारी मोठी" हे वाक्य मी कोणत्या तोंडाने बोलायचं?

सिग्नल तोडतात, फुटपाथवर चढतात, हात दाखवत नाहीत. लायसन नाही, नंबर नाही, टॅक्स नाही. जबाबदारी वाटायची म्हणता तर आधी नियम तरी सगळ्यांना सारखे करा. आणि हेल्मेट सक्तीचं करा.

पायडल

रोखठोक, त्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि त्या सायकलवाल्याची बाजू मी घेणार नाही, घेताच येत नाही. उलट्या बाजूने येणं हे तर सगळ्यात वाईट. हिशोब करून बघा, गाडी 50 ने आणि सायकल 20 ने एकाच दिशेला असली तर दोघांतलं अंतर 30 च्या वेगाने कमी होतं, तोच समोरून आला तर 70 च्या वेगाने. 40 मीटरवर दिसला तर पहिल्या वेळी जवळपास 5 सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी 2. आणि अंधारात दिवा नसेल तर तो 40 मीटरवरही दिसत नाही. सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा, मागे रिफ्लेक्टर, घंटी आणि चालणारा ब्रेक हवा, हे 1968 च्या व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातही लिहिलंय, म्हणजे ही काही नवी मागणी नाही. मी अजून एक करतो, घोट्याला रिफ्लेक्टरची पट्टी बांधतो. ती वरखाली होते ना, त्यामुळे मागच्याला लांबूनच कळतं की हा माणूस आहे आणि पायडल मारतोय, नुसता ठिपका नाही.

हेल्मेट मी रोज घालतो, आणि घालाच म्हणतो. पण त्याच्यावर भार टाकू नका. युरोपातलं सायकल हेल्मेटचं मानक आहे, ईएन 1078, त्यात ते सपाट लोखंडावर साधारण ताशी 20 किमीच्या वेगाने आपटून तपासतात. म्हणजे स्वतःच्या उंचीवरून पडलो तर ते डोकं वाचवेल असं ते बनवलंय. 50 ने आलेल्या कारसाठी ते बनवलेलंच नाही. त्याने हेल्मेट घातलंय म्हणून जवळून गेलो तरी चालतंय असं मनात येत असेल तर तो विचार काढून टाका.

टॅक्सचं म्हणाल तर मी पण गाडी चालवतो आणि टॅक्स भरतो, सायकलवर बसलो की वेगळा माणूस होत नाही. आणि रस्ता खराब होतो तो वजनाने. अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालं की एका आसावर दुप्पट भार टाकला तर रस्त्याची झीज जवळपास सोळापट होते. सायकलने काय होणार त्या रस्त्याचं? पण हा वाद इथे नको, मूळ प्रश्न वेगळा आहे.

कलमवाली

मी मोटार अपघातांच्या भरपाईचं काम करते, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडं सांगते. स्टिअरिंगदादा, तुमच्या घरचं भांडण होतंय कारण तिघं जण तीन वेगवेगळ्या गोष्टींना "जबाबदारी" म्हणताय. चूक कोणाची हा एक प्रश्न. भरपाई कोणी द्यायची हा दुसरा. आणि अपघात टाळायची सगळ्यात जास्त ताकद कोणाच्या हातात होती हा तिसरा. तिन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही.

भरपाईचं उदाहरण नेदरलँड्सचं घ्या, ते फार चुकीच्या पद्धतीने फिरवलं जातं. लोक म्हणतात तिथे चूक कायम मोटारवाल्याचीच धरतात. तसं नाहीये. तिथल्या वाहतूक कायद्याचं 185 वं कलम फक्त भरपाईपुरतं आहे, शिक्षेचा त्याच्याशी संबंध नाही. सायकलवाला किंवा पायी चालणारा 14 वर्षांखालचा असेल तर, त्याने मुद्दामच केलं नसेल तर, भरपाई पूर्ण मोटारीकडून, म्हणजे व्यवहारात विम्याकडून. 14 च्या पुढचा असेल तर किमान निम्मी, आणि उरलेली त्याची स्वतःची चूक किती त्याप्रमाणे. आपल्या हातात काहीच नव्हतं हे मोटारवाल्याने सिद्ध केलं तर त्यातूनही सुटका आहे. यामागचा विचार मला पटतो: लोखंडी पेटीत बसलेल्याने विमा काढलेला असतो, उघड्यावरचा आपल्या अंगावर झेलतो.

आणि हे सगळं तिथे आधीपासून होतं असंही नाही. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर 3,000 हून जास्त माणसं गेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांची हत्या थांबवा" हे त्या चळवळीचं नावच होतं. आज दिसणारे वेगळे सायकल रस्ते त्यानंतरच्या वर्षांत आले.

ब्रिटनमध्ये 29 जानेवारी 2022 पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, बदल झाला. जो सगळ्यात जास्त इजा करू शकतो त्याच्यावर सगळ्यात जास्त जबाबदारी, अशी उतरंड त्यांनी लिहूनच टाकली. वर ट्रक-बस, मग कार, मग मोटरसायकल, मग सायकल, शेवटी पायी चालणारा. रोखठोकदादा, तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही की सायकलवाला सुटलेला नाही, चालणाऱ्यांची जबाबदारी त्याच्यावर तशीच आहे, आणि बाकीच्यांनी नियम पाळायचे नाहीत असंही त्यात कुठे नाही. आणि स्टिअरिंगदादा, तुमचा प्रसंग तर त्यात जसाच्या तसा आहे. वळताना सरळ जाणाऱ्या सायकलला आडवं जाऊ नका, गरज असेल तर थांबा, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे भावाचं बरंचसं बरोबर आहे.

निम्मं निम्मं का चालत नाही ते आकड्यात बघायचं तर 1,200 किलोची कार ताशी 50 ने जात असेल तर तिच्यात जी ऊर्जा असते ती साधारण 1,15,000 जूल. माणूस धरून 85 किलोची सायकल 20 ने जात असेल तर 1,300 च्या आसपास. नव्वदपट जवळजवळ. तीच कार 30 वर आणली की ऊर्जा जवळपास एक तृतीयांशावर येते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. एवढा फरक सायकलवाल्याच्या हातात कधीच नसतो, त्याने कितीही काळजी घेतली तरी. पण लक्ष देणं मात्र वाटून घेता येत नाही. मी निम्मं बघते, तू निम्मं बघ, असं डोळ्यांचं होत नाही.

अजून एक, या भांडणात तिसरा माणूस नेहमी सुटतो, रस्ता आखणारा. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये व्हिजन झिरो, म्हणजे रस्त्यावर एकही मरण नको हे धोरण, स्वीकारलं, त्यात मूळ मुद्दा हाच आहे की माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधा, चुकीची शिक्षा मरण नको. ज्या वळणावर सगळेच ड्रायव्हर जोरात वळतात तिथे ड्रायव्हरांना नावं ठेवून भागत नाही, वळणाचा कोपराच अरुंद करावा लागतो.

रोखठोक

ताई, हे पटलं बऱ्यापैकी. "सुटलेला नाही" हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवं होतं, ते तुम्ही म्हणालात. बिनदिव्याच्या सायकलबद्दल माझं मत तेच आहे.

शाळेवाली ताई

मी मुलांना सायकल चालवायला शिकवते, आठ ते बारा वयाची. मोठ्यांचं बोलणं चाललंय म्हणून गप्प होते पण दीड मीटरचा विषय निघाला म्हणून लिहिते.

आमच्या मैदानात मी खडूने एक लांब सरळ रेघ मारते. मुलाने त्या रेघेवरून सायकल चालवायची. मी मागे उभी राहते, हाक मारते, आणि हाताची बोटं वर करते. त्याने मागे वळून बघून किती बोटं आहेत ते सांगायचं, रेघ न सोडता. सोप्पं वाटतं ना? पहिल्या दिवशी एकालाही जमत नाही. उजवीकडून मागे बघायला गेलं की खांदा फिरतो, खांद्याबरोबर हात, हाताबरोबर हँडल, आणि सायकल चांगली दोन हात उजवीकडे जाते. मूल बोटं बरोबर सांगतं, "तीन!" म्हणून खूश पण होतं, आणि चाक केव्हाच रेघेच्या पार. मग मी त्याला खाली उतरवून चाकाचा माग दाखवते, खडू पुसत गेलेला असतो तो. बघ, तू इथे होतास आणि इथे गेलास, इथून गाडी जात असती तर?

आठेक दिवसांत जमायला लागतं. एक हात सोडून बाजूला दाखवणं त्याच्या पुढचं.

गाडी चालवणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की मूल मागे बघतंय म्हणजे त्याला तुम्ही दिसलात असं समजू नका, ज्या क्षणी ते मागे बघतं त्याच क्षणी ते तुमच्याकडे सरकत असतं. आणि गाडी किती वेगाने येतेय याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही, लांब आहे म्हणजे वेळ आहे असं त्यांना वाटतं. म्हणून मुलाच्या शेजारून जाताना हॉर्न नको, हॉर्न वाजला की ते दचकून मागे बघतं. वेग कमी करा आणि जागा भरपूर सोडा, नाहीतर जाऊच नका. 14 वर्षांखालचं ते जे कलमवाली ताईंनी सांगितलं ना, ते ज्याने लिहिलं त्याने मुलांना सायकल चालवताना बघितलं असणार असं मला वाटून गेलं.

आईवडिलांनो, उंची वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊन देऊ नका. पाय जमिनीला टेकत नसेल तर थांबता येत नाही, आणि थांबता येत नाही म्हणून मूल थांबतच नाही.

स्टिअरिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, काही भाग घरच्यांना वाचून दाखवला.

पायडलभाऊ, "तो तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं" हे वाक्य वाचून मी खरंच थांबलो. ते खरं आहे. इंडिकेटर दिला म्हणजे मला वळायची परवानगी मिळाली असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. इंडिकेटर म्हणजे मी वळणार आहे एवढी खबर, जागा मोकळी आहे की नाही ते त्यानंतर बघायचं असतं.

काल रविवारी आम्ही दोघा भावांनी एक केलं. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी त्याची सायकल घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला मागून हळूहळू पुढे आणत गेलो, तो सांगत होता दिसतंय, दिसतंय. मागच्या चाकाशी आलो आणि त्याचा आवाज बंद. आरशात नाही, खिडकीतूनही नाही. मी सायकल घेऊन तिथेच उभा, मंगळवारी तो मुलगा होता बरोबर त्याच जागी. भाऊ आतून म्हणाला, दादा आहेस ना तिथे? मी दोन फुटांवर होतो. त्यानंतर त्याचा आवाज जरा मऊ झाला. आणि मग त्याने मला सायकलवर बसवून मोठ्या रस्त्याने एक फेरी मारून आणली. दोन गाड्या इतक्या जवळून गेल्या की बाहीला वारा लागला. मी असाच जात असेन कोणाकोणाच्या शेजारून, मला कळत पण नसेल.

दार उघडायचं पण बदललंय. उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. हे भावाने सांगितलं, हायवे कोडमध्ये पण आहे म्हणे. दोन दिवस विसरलो, हात आपला सवयीने जातोच, आता बायको शेजारून आठवण करते.

बारा चाकी दादा, एक विचारायचं होतं. माझ्या डाव्या आरशात माझीच गाडी बरीच दिसते, अर्धं दार दिसतं. हे बरोबर आहे का?

बारा चाकी

बरोबर नाही. स्वतःची गाडी बघून काय करणार, ती कुठे जातेय. आरसा बाहेर ढकला, आपल्या गाडीची नुसती कड दिसेल इतका. उंचीला रस्ता आणि आकाश यांची रेघ मधोमध ठेवा. पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, मग सवय होते. आणि ती मघाची सायकल परत उभी करून बघा, नुसतं अंदाजाने सोडू नका. त्या आरशाची काच फुगीर असेल तर मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, तेही ध्यानात ठेवा.

स्टिअरिंग

केलं, आत्ताच बघून आलो. मागच्या चाकाशी उभी केलेली सायकल आता आरशात दिसतेय. मागच्या दाराच्या मध्यापर्यंत पुढे आणली की आरशातून जाते, आणि खिडकीतून हँडल दिसायला अजून हातभर पुढे आणावी लागते. तेवढ्या हातभरासाठी मान वळवावीच लागते.

पायडल

हो. आणि त्या हातभर जागेत आम्ही थांबायचं नाही, हे मी माझ्या पोरांना येत्या रविवारी अशीच गाडी उभी करून दाखवतो. तुमची युक्ती उचलतोय.

स्टिअरिंग

गाडी लागली तर सांगा, मी आणतो.